मुलगा खोलीतून बाहेर येत नाही, तेव्हा मदत आधी आईबाबांनी घ्यावी

ताई, तुमचं पत्र मिळालं. मुलगा एकवीस वर्षांचा, युनिव्हर्सिटी अर्धवट सोडलेली, गेले आठ महिने वरच्या खोलीत. ताट दाराशी ठेवायचं आणि तासाभराने अर्धंमुर्धं खाल्लेलं उचलायचं. रविवारी पुण्याहून व्हिडिओ कॉल आला की "त्याची परीक्षा चाललीय" असं आजीला सांगायचं. ताटाबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्यात, त्या कॉलबद्दल मात्र पानभर. म्हणून आधी कॉलबद्दलच बोलते.

ही लपवाछपवी थांबवा. मुलासाठी नव्हे, तुम्हा दोघांसाठी. तो खोलीत कोंडून घेतो आणि त्याच्यापायी तुम्ही घरात. गणपतीला मंडळात जाणं बंद, कोणाला जेवायला बोलावणं बंद. साऱ्या गावाला सांगू नका, पण एका विश्वासाच्या माणसाला खरं सांगा.

जपानने याची किंमत मोजली आहे. तिथे सहा महिने किंवा जास्त काळ शाळा, नोकरी, मित्र सगळं सोडून घरात राहण्याला हिकिकोमोरी म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञ तामाकी साइतो यांनी १९९८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. तेव्हा हा तरुणांचा प्रश्न वाटत होता. पण बदनामीच्या भीतीने घरोघरी तो झाकून ठेवला गेला, मुलं तशीच वयाने वाढली. २०१९ साली सरकारने चाळीस ते चौसष्ट वयातलेच सहा लाखांवर लोक असे असल्याचं जाहीर केलं. ऐंशीचे आईवडील पन्नाशीच्या मुलाला सांभाळताहेत, अशी घरं तिथे आहेत.

"आपल्या संस्कारात असं होत नाही," असं तुमचे यजमान म्हणतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जपान, कोरिया, अमेरिका आणि भारत या चारही देशांत अशी माणसं आढळली. इटलीत तर अशा मुलांच्या पालकांची संघटनाच आहे. तेव्हा संस्कार कुठे कमी पडले, हा हिशेब मांडत बसू नका.

यजमानांचा दुसरा विचार, त्याला जबरदस्तीने विमानात बसवून आजीकडे पाठवण्याचा. कृपा करून हे करू नका. जपानात पैसे घेऊन मुलांना खोलीतून ओढून काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांच्यावर पुढे कोर्टात दावे झाले. घरच्यांवरचा उरलासुरला विश्वास अशाने जातो. इंटरनेट तोडणंही तसंच. बाहेरच्या जगाशी त्याचा तेवढाच धागा शिल्लक असेल.

मग करायचं काय? तो डॉक्टरकडे येणार नाही हे धरूनच चाला, आणि तुम्ही दोघं जा. जपानातल्या मदत केंद्रांतही सुरुवात बहुतेक वेळा आईवडिलांपासूनच होते. फॅमिली डॉक्टरला सगळं सांगा: झोप, जेवण, आंघोळ, स्वतःशी बोलणं, दिवस-रात्र उलटे होणं. मुलगा सज्ञान असल्याने डॉक्टर त्याची माहिती तुम्हाला देणार नाहीत, पण तुमचं ऐकून घ्यायला त्यांना कायद्याची आडकाठी नाही. यामागे नैराश्य, भीतीचा आजार, ऑटिझम किंवा सायकोसिस (भास-भ्रम होणारा आजार) असू शकतो. ते तपासणं त्यांचं काम.

घरी दारावर टकटक करा, एखादं वाक्य बोला, उत्तराची वाट न बघता निघा. "आज साबुदाण्याची खिचडी केलीय, खाली आहे." पुढच्या सेमिस्टरचा विषय नको. अमक्याच्या मुलाला गूगलमध्ये नोकरी लागली, हे तर अजिबात नको. तो रात्री दोनला स्वयंपाकघरात उतरला तर दिवे लावून प्रश्नांची सरबत्ती करू नका. उतरू दे.

मरणाची भाषा, स्वतःला इजा, खाणंपिणं पूर्ण बंद, यांतलं काहीही दिसलं तर मात्र थांबायचं नाही. कॅनडा आणि अमेरिकेत ९८८ या मानसिक संकटाच्या हेल्पलाइनवर फोन करा, जीव धोक्यात असेल तर ९११. ब्रिटनमधल्या वाचकांसाठी अशीच हेल्पलाइन ११६ १२३, तातडीला ९९९.

डॉक्टरांची वेळ या आठवड्यातच मागा. आणि जमलं तर यजमानांनाही सोबत न्या, ते आतून घाबरलेले आहेत असं मला पत्रावरून वाटतं.