जुन्या पिकअपचा रेडिएटर गळतोय? हळद टाकण्याआधी हे बघा

भाऊ, तुमची 2009 ची डिझेल पिकअप, संगमनेरहून कांदा भरून चाकणला जाते, रोज दोन लिटर पाणी घालावं लागतं, चंदनापुरीच्या घाटात तापमानाचा काटा वर जातो आणि गॅरेजवाला म्हणतो मूठभर हळद टाका. एवढं तुम्ही लिहिलंय. त्यावर माझं पहिलं सांगणं: हळद टाकू नका. पूड पाण्यात फुगते, बारीक छिद्रात जाऊन बसते आणि गळती थांबते, हे खरं आहे. पण छिद्र कुठलं आणि नळी कुठली हे तिला कळत नाही. रेडिएटरच्या जाळीतल्या नळ्या चपट्या आणि आतून फार अरुंद असतात. इतकी वर्षं बोअरचं पाणी गेलं असेल तर त्यांत आधीच क्षार धरलेले असणार. त्यावर हळद बसली की गळती थांबेल, पण घाटात गाडी आणखी तापेल. बाजारातल्या लीक-स्टॉप बाटल्यांचंही हेच. रात्री आडरानात अडकलात आणि गावापर्यंत पोचायचं असेल तरच तो उपाय.

दुसरं म्हणजे पाणी कमी होतंय म्हणून रेडिएटरच फुटलाय असं धरून चालू नका. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना टॉर्च घेऊन बसा. गळती जिथे असते तिथे पांढरा, हिरवट किंवा तांबूस थर सुकलेला दिसतो. होज पाइपांची टोकं, क्लिपा, खालची टाकी, जाळी आणि टाकीचा सांधा, सगळं बघा. मग वॉटर पंप, ज्याला आपल्याकडे वॉटर बॉडी म्हणतात. तिच्या पोटाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथूनच यावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथे ओल दिसली तर रेडिएटरला हात लावू नका, वॉटर बॉडी बदला.

रेडिएटरच्या झाकणाकडे तर कुणी बघतच नाही. त्यावर दाबाचा आकडा असतो, बहुतेक 0.9 किंवा 1.1, म्हणजे तितके बार. साधं पाणी 100 अंशांना उकळतं, पण 1 बार जादा दाबाखाली ते 120 अंशांच्या आसपास जातं. घाटात गाडीला आधार असतो तो याच फरकाचा. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर दाब टिकत नाही, पाणी बाजूच्या बाटलीत जातं आणि परत येत नाही. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं दिसलं तर आधी झाकण आणि बाटलीची नळी तपासा. नवीन झाकण घेताना आकडा तोच घ्या. जास्त आकड्याचं लावलं तर जुनी जाळी फुटेल.

बाहेर कुठेच ओल नाही आणि पाणी तरी जातंय, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्या. झाकण काढून गार इंजिन चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं, किंवा झाकण लावून गार इंजिन चालू केल्यावर लगेच वरचा होज दगडासारखा टणक झाला, तर गाडी तिथेच थांबवा.

आता समजा गळती रेडिएटरलाच आहे. तुमचा रेडिएटर कुठल्या प्रकारचा आहे त्यावर पुढचं ठरतं. तांबे-पितळेचा असेल तर जपून ठेवण्यासारखी वस्तू आहे. चांगला रेडिएटरवाला टाक्या उघडतो, नळ्यांत पट्ट्या घालून रॉडिंग करतो, डाक मारून सांधे बंद करतो आणि मग हवा भरून पाण्याच्या हौदात बुडवून दाखवतो. ती बुडवून घेतलेली चाचणी तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या. अॅल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी असेल तर एम-सील, अॅरल्डाइट यांवर पैसे घालवू नका. प्लास्टिक तापून-गार होऊन हलत राहतं, लेप सुटतो. नवीन बसवा.

आणि कशामुळे फुटला, हे शोधल्याशिवाय नवीन बसवू नका. जुन्या पिकअपमध्ये रेडिएटरखालची रबरं चपटी झालेली असतात, चेसिसचा प्रत्येक हादरा थेट टाकीला बसतो. इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिनाखालचे रबरी आधार, खचले असतील तर पंखा जाळीला घासतो. ही रबरं त्याच वेळी बदलली नाहीत तर नवीन रेडिएटरही त्याच जागी फुटेल.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकतो, गाडी गार राहील, असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त खातं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर बायपासची वाट उघडीच राहते आणि बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतं. बिघडला असेल तर नवीन बसवा.

भरताना बोअरचं पाणी नको. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा, वरचा होज हाताने दाबत राहा म्हणजे अडकलेली हवा निघेल. पातळी उतरली की भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. जुनं कूलंट ओट्याजवळ ओतू नका. ते गोडसर असतं, कुत्री आणि जनावरं चाटतात आणि मरतात.

वाटेत गाडी तापली तर एक गोष्ट लक्षात ठेवा. वर गेलेला काटा अचानक खाली आला तर ते चांगलं लक्षण नाही. पाण्याची पातळी सेन्सरच्या खाली गेली असण्याचीच शक्यता जास्त, आणि तेव्हा तो खरं तापमान दाखवत नाही. इंजिन बंद करा, किमान अर्धा तास थांबा, झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

हे सगळं होईपर्यंत भरलेली गाडी घाटात नेऊ नका. दोन-तीन खेपा दुसऱ्याच्या गाडीने पाठवा. भाडं जाईल, पण हेडचं काम निघालं तर गाडी ऐन कांद्याच्या हंगामात गॅरेजमध्ये उभी राहील.