विकायला काढलेले घर पाहायला जाताना काय पाळावे?

आपला प्रश्न असा आहे की, यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात घर घ्यायचे आहे, विकणाऱ्यांचे कुटुंब अजून त्याच घरात राहते, तर पाहायला जाताना कसे वागावे, आणि अमेरिकेतल्या ‘ओपन हाऊस’चे जे नियम वाचायला मिळतात ते इथे चालतील का. मी याच जिल्ह्यात राहतो आणि नात्यातल्या, ओळखीतल्या लोकांसोबत अशी घरे पाहायला बरेचदा गेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ते नियम इथे फारसे उपयोगी पडत नाहीत. तिकडे ठरलेल्या दिवशी, बहुधा शनिवारी किंवा रविवारी दुपारी, मालकाचा एजंट घर उघडे ठेवतो, येईल त्याला फिरून पाहू देतो आणि घरमालक त्या वेळी सहसा बाहेर निघून गेलेला असतो. आपल्याकडे घर दाखवणारा मालकच असतो, त्याची म्हातारी आई सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसलेली असते आणि आपण टेकायच्या आत आतून पाणी येते. म्हणजे आपण गिऱ्हाईक असतो आणि पाहुणेही असतो. माझे ठाम मत असे आहे की घर कसून पाहण्यात काहीही वावगे नाही, कारण आयुष्याची पुंजी त्यात घालायची असते. वावगे आहे ते न विचारता पाहणे.

आधी निरोप देऊन वेळ ठरवा. कापूस वेचणीच्या दिवसांत घरची माणसे सकाळपासून वावरात असतात, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना भर दुपारी कोणाच्या दारात उभे राहणे बरे नव्हे. पोळा किंवा महालक्ष्म्यांचे दिवस टाळावेत. पहिल्या खेपेला दोघे-तिघेच जा. मिस्त्री, वास्तू पाहणारे आणि सासरची सगळी मंडळी एकाच वेळी नेली तर त्या घरातल्या बायांना बसायलाही जागा उरत नाही. चपला ओट्याखाली काढा आणि दिलेले पाणी घ्या. चहा नको असेल तर नम्रपणे नाही म्हणता येते, पण पाण्याला नाही म्हणू नये.

घर पाहताना मालकाला पुढे चालू द्या. स्वयंपाकघरात आणि देवघरात जाण्याआधी घरातल्या बाईंना विचारा, त्या होय म्हणाल्या तरी देवघराच्या उंबऱ्याबाहेरूनच पाहा. भिंतीतले कोनाडे, खिडक्या, कवेलू किंवा टिनाचे छप्पर, न्हाणी, विहीर, गुरांचा कोठा हे सगळे पाहण्याचा आपल्याला हक्क आहे. कपाट, पेटी, धान्याची कोठी उघडण्याचा नाही. फोटो काढायचा असेल, टेप लावून माप घ्यायचे असेल, तर आधी परवानगी घ्या, आणि फोटोत घरातली माणसे येऊ देऊ नका.

आपल्या भागात काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे चांगल्या बांधलेल्या घराच्याही भिंतींना, विशेषतः खिडकीच्या कोपऱ्यांपासून तिरप्या, भेगा पडलेल्या दिसतात. भेग दिसली की “अरे बापरे” म्हणून सोबतच्यांकडे पाहणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करू नये. “ही भेग कधीची आहे, दर पावसाळ्यात वाढते का?” असे शांतपणे विचारले तर मालक बहुतेक वेळा खरे सांगतो, आणि पुढच्या खेपेला सांगून मिस्त्री आणता येतो. भाव पाडण्यासाठी घराला नावे ठेवणे मला सर्वांत वाईट वाटते, कारण ज्या माणसाने पै-पै जमवून ती खोली चढवली तो समोर उभा असतो. दोष किमतीच्या बोलणीत मांडा, आणि ती बोलणी त्या सपरीत, म्हाताऱ्या माणसांसमोर करू नका.

सर्वांत अवघड भाग प्रश्नांचा आहे. घर का विकता, हे एकदा विचारावे आणि मिळेल ते उत्तर ऐकून घ्यावे. कर्ज, आजारपण किंवा भावांतले वाद खोदून काढू नयेत. मात्र वारसांचा प्रश्न टाळता येत नाही. घर वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यात 2005 साली झालेल्या दुरुस्तीनंतर मुलींनाही मुलांइतकाच हक्क आहे, त्यामुळे बहिणींच्या सह्या किंवा त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर खरेदी पुढे वादात सापडू शकते. हा प्रश्न माहेरी आलेल्या बहिणीसमोर विचारला तर घरात तेढ निर्माण होते. म्हणून तो निघताना, ओट्यावर, मालकाला एकट्याला किंवा मध्यस्थामार्फत विचारा, पण विचाराच. तेव्हाच ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्याची प्रत मागून घ्या. हा उतारा कर आकारणीचा असतो, केवळ त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकाही (प्रॉपर्टी कार्ड) मागा. समंजस मालकाला याचा राग येत नाही.

शेजाऱ्यांना भेटायचे असेल तर वेगळ्या वेळी भेटा, आणि पाणी, रस्ता, सामाईक भिंत, वळचणीचे पाणी कोणाच्या अंगणात पडते, एवढेच विचारा. विकणाऱ्या कुटुंबाविषयी चौकशी कराल तर संध्याकाळपर्यंत ती त्यांच्या कानावर जाते.

घर आवडले तरी त्याच दिवशी इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, काढून देऊ नका. शिवाय आयकर कायद्यानुसार स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही, तेव्हा इसार बँकेतूनच द्यावा. ज्या मध्यस्थाने घर दाखवले त्याला वगळून मागल्या दाराने मालकाशी बोलणी करू नयेत.

आणि घर पसंत पडले नाही तर आठवडाभरात स्पष्ट कळवा, कारण आपल्या होकाराची वाट पाहत मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबवून ठेवतो. कारण सांगताना “आमच्या गरजेला लहान पडते” किंवा “एवढा पैसा जमत नाही” एवढे पुरे आहे. “घर लाभत नाही”, “वास्तू बरोबर नाही” असे गावात कोणाजवळही बोलू नका. ते एक वाक्य पसरले की त्या घराला पुढे गिऱ्हाईक मिळणे कठीण होते.