'अवलंबित्वे' इन्स्टॉल होत नाहीत

प्रश्न असा आला आहे: संगणकावर पॅकेज (बांधून दिलेला प्रोग्रॅम) टाकताना त्याला लागणारी म्हणून सोबत येणारी जी दुसरी पॅकेजं, त्या 'डिपेन्डन्सी'ला 'अवलंबित्व' म्हणावं का? आणि 'अपडेट' व 'अपग्रेड' यांतला फरक मराठीत कसा दाखवावा?

'अवलंबित्व' नको. 'पाच अवलंबित्वे इन्स्टॉल होतील' असलं काही वाचलं की माझं डोकं फिरतं. 'त्व' लावला की भाव होतो, वस्तू नव्हे. दार मित्र वाजवतो, मित्रत्व नाही. इंग्रजीत भावाला आणि वस्तूला एकच शब्द चालतो, म्हणून आपण का फरफटत जायचं?

मूळ बघा, मजा आहे. 'लम्ब्' म्हणजे लोंबणे, 'अव' म्हणजे खाली. लॅटिनमध्ये 'दे' म्हणजे खाली, 'पेन्देरे' म्हणजे लोंबणे, 'डिपेन्ड' त्यातलाच. दोन निराळ्या धातूंनी एकच चित्र काढलंय! तिकडे पेन्ड्युलम, इकडे लंबक. तर प्रोग्रॅम लोंबतो, तो अवलंबी. ज्या लायब्ररीला (इतर प्रोग्रॅमांनी वापरायच्या तयार कोडला) लोंबतो ती खुंटी, आणि तिला शब्द तयार आहे: आलंबन.

काव्य-नाटकातल्या रसचर्चेत ज्याच्या आधाराने भाव जागतो तो आलंबन विभाव. तो भाव फुलवणारं चांदणं, वारा वगैरे उद्दीपन विभाव. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या पॅकेजात 'डिपेन्ड्स' आणि 'रेकमेन्ड्स' अशा दोन नोंदी असतात. पहिल्यातलं नसेल तर काम अडतं. दुसऱ्यातलं नसलं तरी भागतं, रंगत तेवढी जाते. आलंबन आणि उद्दीपनच की हे! 2009 च्या डेबियन 5.0 पासून ॲप्ट-गेट (पॅकेजं टाकणाऱ्या 'ॲप्ट' या साधनाची आज्ञा) उद्दीपनंही आपणहून ओढून आणतं. एका संस्कृतज्ञ स्नेह्यांना ही माझी ओढाताण वाटते. त्यांचा शब्द 'पूर्वापेक्षित'. छान. मग डेबियनमध्ये 'प्री-डिपेन्ड्स' अशी आणखी एक नोंद असते, तिला काय 'पूर्वपूर्वापेक्षित' म्हणायचं?

ज्याची गरज असलेलं कुणी उरलं नाही अशा पॅकेजाला 'ऑर्फन' म्हणतात. त्याला 'अनाथ' म्हणणं तर सरळ उलटं. अनाथ म्हणजे ज्याचा आधार गेला तो. इथे आधार जागच्या जागी आहे, लोंबणारे निघून गेलेत. ही रिकामी खुंटी. ॲप्टचं 'ऑटोरिमूव्ह' तीच उपटतं. (डेबियनमध्ये सांभाळणारा माणूस उरला नाही की त्या पॅकेजालाही 'ऑर्फन्ड' म्हणतात. तिथे मात्र 'अनाथ' चपखल.)

हां, अपडेट-अपग्रेड राहिलंच. ॲप्टमध्ये 'अपडेट' नुसती यादी ताजी करतं, 'अपग्रेड' नवी आवृत्ती चढवतं. तेव्हा 'अपडेट मारलं तरी जुनंच दिसतंय' ही तक्रार करू नये. आणि एखादं पॅकेज चढवण्यासाठी दुसरं काढावं लागणार असेल, तर 'अपग्रेड' त्याला हात न लावता 'केप्ट बॅक' म्हणून बाजूला ठेवतं. काढायची तयारी 'फुल-अपग्रेड'ची. अशा ताटकळलेल्यांना मी 'विलंबित' म्हणतो. धातू तोच, लम्ब्!