रिंग बघितल्याशिवाय काँक्रीट नाही

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा तू आलीस, झोपाळ्यावर बसलीस आणि चहा निवेपर्यंत एकच गोष्ट तीनदा सांगितलीस. कॉलमच्या उभ्या सळ्यांना आवळून धरणाऱ्या रिंगांचे हूक, म्हणजे त्यांची वळवलेली टोकं, नीट वळवलेली नाहीत असं तू साइटवर म्हणालीस, आणि कॉन्ट्रॅक्टर हसून म्हणाला, "बेन, आ कंई जापान थोडुं छे?" म्हणजे, ताई, हे काय जपान थोडंच आहे? पुढे तूच म्हणालीस, "खरंच आहे मावशी, गरीब देशात घरं पडणारच. मी एमएस करून तिकडेच राहते." मला इतका राग आला की तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. आता लिहिते.

तिकडे जायचं तर जा, माझी ना नाही. पण त्या माणसाचं वाक्य खरं मानून जाऊ नकोस.

हैती आणि चिली तुला वर्गात शिकवलंच असेल. 12 जानेवारी 2010 ला हैतीत 7.0 चा भूकंप झाला. मेलेल्यांचा नीट हिशेबही लागला नाही. काही अंदाज लाखाच्याही खाली, सरकारी आकडा तीन लाखांच्या वर. दीडच महिन्याने, 27 फेब्रुवारीला, चिलीत 8.8 चा झाला. ऊर्जा जवळजवळ पाचशे पट, आणि माणसं गेली सव्वापाचशेच्या आसपास, त्यातलीही बरीच त्सुनामीने. पैशांचं बघ: चिलीचं नुकसान सुमारे 30 अब्ज डॉलरचं, हैतीचं आठेक अब्जांचं. पण ते आठ अब्ज म्हणजे हैतीच्या अख्ख्या वर्षाच्या उत्पन्नाहून जास्त होते.

यावर सगळे म्हणतात, बघा, श्रीमंताचा पैसा जातो, गरिबाचा जीव जातो. तूही तेच म्हणालीस. अर्धंच खरं आहे ते. हैतीचा भूकंप राजधानीपासून 25 किलोमीटरवर होता, चिलीचा किनाऱ्यालगत समुद्राखाली, हाही फरक आहे. तो लपवून मी तुला काही पटवणार नाही. हैतीत बांधकामाचा राष्ट्रीय कोडच, म्हणजे नियमावलीच, नव्हती. वादळाच्या भीतीने वर काँक्रीटचे जड स्लॅब, खाली काडीसारखे खांब. पण चिली तरी कुठे जपान होता? 1960 साली तिथे 9.5 चा भूकंप झाला, आजवर मोजलेल्यांत सर्वांत मोठा, आणि त्या देशाने तो विसरायचा नाही असं ठरवलं. तिथल्या कायद्यात इमारतीच्या सांगाड्यात दोष निघाला तर पहिला विकणारा 10 वर्षं जबाबदार असतो. 2010 मध्ये कॉन्सेप्सिओन शहरात एक नवी 15 मजली इमारत आडवी झाली, आठ माणसं गेली, आणि बांधणाऱ्यांवर खटला उभा राहिला. उद्या कुणीतरी विचारणार आहे हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून काँक्रीट ओतण्याआधी कुणीतरी रिंग बघतं.

अ‍ॅम्ब्रासिस आणि बिल्हम या भूकंपाच्या अभ्यासकांनी 2011 मध्ये तीस वर्षांतल्या भूकंपांचा हिशेब मांडला. इमारती कोसळून गेलेल्या माणसांपैकी 83 टक्के अशा देशांतली, जिथे उत्पन्नाच्या मानानेही भ्रष्टाचार जास्त आहे. नीट वाच हे. नुसते गरीब देश नव्हेत. जिथे बघायला नेमलेला माणूस न बघता सही करतो, ते देश.

किल्लारीला मी गेले होते, ऑक्टोबर 1993 मध्ये. 30 सप्टेंबरच्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना, विसर्जनाहून येऊन गाव झोपलेलं होतं. 6.2 चा धक्का, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या भिंती मी हात लावून बघितल्या. आतून एक दगडी थर, बाहेरून एक, आणि मध्ये माती आणि दगडगोट्यांचा भराव. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. धक्का बसला, भिंत उभी उकलली आणि वरचं मातीचं जड माळवद खाली आलं. ज्यांची ऐपत होती त्यांच्या भिंती जाड, माळवदं जड. ती माणसं त्याखाली गेली. झोपडीत, हलक्या छपराखाली झोपलेले पुष्कळ वाचले. मग मला सांग, आरपार जाणाऱ्या एका लांब दगडाला किती पैसे पडतात? हे गरिबीचं काम आहे का?

आता माझं सांगते. ते सांगायचं म्हणूनच हे पत्र.

मी कामाला लागले तेव्हा ऑफिसातले वडीलधारे म्हणायचे, बाईमाणसाने परांचीवर चढू नये, तू टेबलावरचं बघ. मी ऐकलं. दहा-बारा वर्षं ऐकलं. 1996 मध्ये अहमदाबादच्या एका अपार्टमेंटचं डिझाइन मी केलं, खाली पार्किंग, वर मजले. कॉलममध्ये काँक्रीट भरलं त्या दिवशी मी इथे बडोद्यात, दांडिया बाजारात ऑफिसात बसले होते.

26 जानेवारी 2001, सकाळी 8:46. तू परवा बसलीस त्याच झोपाळ्याच्या कड्या आपोआप वाजायला लागल्या. चौथ्या दिवशी मी अहमदाबादला गेले. कच्छमधल्या भूकंपाच्या केंद्रापासून ते शहर दोनशे किलोमीटरहून दूर, तरी तिथे उंच इमारती मातीला मिळाल्या होत्या. माझी उभी होती, कललेली. माणसं वेळेत बाहेर पडली होती. पार्किंगच्या एका कॉलमचं डोकं फुटलं होतं, सळ्या बाहेर फुगल्या होत्या, आणि रिंग करदोडा सुटावा तशी उघडून लोंबत होती. हूक काटकोनात वळवलेला. टेप लावली: दोन रिंगांत दहा इंच. ड्रॉइंगमध्ये मी टोकांजवळ चार इंच लिहिलं होतं, हूक 135 अंशांत आत वळवा असं लिहिलं होतं. ते ड्रॉइंग अजून माझ्या कपाटात आहे, तुला दाखवीन. माझं डिझाइन चुकलेलं नव्हतं. भूकंपासाठी सळ्या कशा बांधायच्या त्याचा कोड 1993 पासून छापलेला होता आणि मी तो पाळला होता. सगळे मला हेच म्हणाले, मीही स्वतःला हेच सांगत आले. पण मी रिंग बघितली नव्हती.

त्यानंतर एक नियम धरला. रिंग बघितल्याशिवाय काँक्रीट नाही, आणि काँक्रीटआधी बोलावलं नाही तर माझी सही नाही. निम्मी कामं गेली. पार्टनर वेगळा झाला. दोन वर्षं घर यांच्या पगारावर चाललं. हट्टी बाई, धंदा कळत नाही, असं लोक बोलले. बोलू देत. आज तोच दिवस परत आला तर मी तेच करीन, आणि यात मी चुकले असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

तू काय केलंस? हूक दाखवलास, तो हसला, तू घरी आलीस. याला बघणं म्हणत नाहीत, बाळा. सळी वळवणाऱ्याशी बोललीस का? त्याला मजुरी टनावर मिळते. हूक आत वळवायला वेळ जास्त आणि पैसे तेवढेच, मग तो कशाला वळवील? हूकमागे लोखंड लागतं दोन-तीन इंच. तेवढ्यासाठी जपान व्हावं लागत नाही. त्याची जादा मजुरी कॉन्ट्रॅक्टरकडून मागून घ्यायची. त्याच्या बाकड्यापाशी उभं राहून एक रिंग स्वतः वळवायची, मग तुझं म्हणणं तो ऐकेल. माझं ऐकायचे.

तुझे वडील म्हणतात, ट्रेनिंगचे दोनच महिने उरलेत, कशाला वाद घालायचा. त्यांना सांग, मावशीने घालायला सांगितलाय.

तिकडे गेलीस तर बेस आयसोलेशन, म्हणजे इमारत पायाशीच धक्क्यापासून अलग ठेवायचं तंत्र, शीक, मोठं काम आहे ते. तिथेही काँक्रीट ओतण्याआधी वाकून बघ.

शनिवारी कॉलम भरणार म्हणालीस ना? शुक्रवारी चारला मी साइटवर येते. तळमजलाच आहे, माझ्या गुडघ्याला जमेल. टेप माझ्याकडे आहे, टॉर्च तू आण, कॉलमच्या बुडाशी अंधार असतो.

तुझी,
मावशी