विमान सुटायच्या आधीचा पाऊण तास

तुमचं पत्र थोडक्यात असं: आजारी आईला बघायला दर महिन्याला देशांतर्गत विमानाने जाता, म्हणजे वर्षाला २४ उड्डाणं. त्यातली चारेक रात्रपाळी उरकून तशीच पकडावी लागतात. थकव्यापायी विमानतळावरच्या लाउंजच्या (फी भरून आरामात बसायच्या-खायच्या दालनाच्या) दारात पैसे भरायची सवय लागली ती लागलीच. आता सहकारी म्हणतायत, त्यापेक्षा लाउंजचे प्रवेश देणारं क्रेडिट कार्ड घे. त्याची वार्षिक फी लाउंजच्या ८ प्रवेशांएवढी, आणि दर तिमाहीला २ प्रवेश फुकट. घ्यावं का?

नको. लाउंज मात्र अगदीच सोडू नका.

आधी घड्याळ बघू. तुम्ही दोन तास आधी पोचता. बॅग देणं आणि सुरक्षा तपासणी यात ३५ मिनिटं धरा. बोर्डिंग सुटण्याच्या साधारण ४० मिनिटं आधी सुरू होतं. उरला पाऊण तास. लाउंजवाले दोन-तीन तास बसू देतात आणि फी त्याच हिशेबाने घेतात. दोन विमानांच्या मध्ये पाच तास अडकलेल्याला ती परवडते. तुम्ही मात्र खुर्ची ऊबदार होते न होते तोच उठता.

आता पैसे. एका प्रवेशाची फी १०० मानू. तुम्हीच लिहिलंय की लाउंजमध्ये गेला नाहीत तर बाहेर कॉफी-सँडविचवर त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा खर्च होतो; ३५ धरू. म्हणजे रोजच्यासारख्या दिवशी तुमच्या लेखी लाउंजची किंमत ३५, तुम्ही मोजता १००. परतीच्या वेळी तर आईकडून जेवूनच निघता, तेव्हा ३५ सुद्धा जास्तच. रात्रपाळीनंतरची सकाळ वेगळी. पाय वर घेऊन बसायला जागा, चेहरा धुवायला स्वच्छ बेसिन, फोनचं चार्जिंग शोधत खांबाजवळ फरशीवर बसावं न लागणं, याला त्या दिवशी १०० मोजले तर माझी काही हरकत नाही.

हाच हिशेब कार्डाला लावा. ८ प्रवेशांपैकी ४ खऱ्या गरजेचे, त्यांचे ४००. उरलेले ४ 'आहेत म्हणून' वापरलेले, त्यांचे १४०. एकूण ५४०, आणि वार्षिक फी ८००. तेही सगळे प्रवेश वापरले तर. तिमाही संपली की न वापरलेले सहसा बुडतात, आणि रात्रपाळ्या काही तिमाही बघून लागत नाहीत.

'फुकट' प्रवेशामागे काय चालतं तेही सांगतो. तुम्ही आत गेलात की कार्डवाले लाउंजला माणशी पैसे मोजतात. गर्दी वाढली की त्यांना हा खर्च जड होतो, मग अटी येतात: मागच्या तिमाहीत अमुक खर्च झाला असेल तरच पुढच्या तिमाहीत प्रवेश, सोबतच्या माणसाचे पैसे वेगळे. ती रक्कम गाठायला लोक नको ती खरेदी करतात. बिल एकदा थकलं आणि महिन्याला ३ टक्के व्याज लागलं, तर चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. त्यात लाउंजमधली कॉफी कितीला पडली ते काढत बसू नका.

(मी स्वतः एकदा फुकटच्या प्रवेशासाठी घरून तासभर लवकर निघालो आणि भरल्या पोटी पुन्हा खाल्लं. बऱ्याच लाउंजमध्ये बोर्डिंगची घोषणा होत नाही, हे विसरून आरामात बसलो. गेटवर पोचलेला शेवटचा प्रवासी मीच.)

तेव्हा प्रवासाच्या वार्षिक रकमेत ४ प्रवेशांचे पैसे बाजूला काढा आणि एक जास्तीचा ठेवा, विमान दोन तास लांबलं तर. रात्रपाळीचं वेळापत्रक हातात आलं की प्रवेश आधीच ऑनलाइन घ्या. दारातल्या दरापेक्षा बरेचदा स्वस्त पडतो. रद्द केल्यास पैसे परत मिळतात का, लाउंज तुमच्याच टर्मिनलमध्ये आहे का आणि भरलं असेल तर परत पाठवतात का, एवढं तेव्हाच बघून घ्या. अंघोळीची सोय असेल तर रात्रपाळीनंतर तिचेच पैसे वसूल होतील.

आणि पर्समध्ये आधीपासून असलेल्या कार्डांच्या अटी एकदा वाचा. देशांतर्गत लाउंजचा एखादा प्रवेश तिथे पडून असेल, तर चारांतला पहिला तोच वापरा.