वाचकांचे प्रश्न : घरचे डबे आणि ब्रिटनचा टॅक्स

प्रश्न : आम्ही तीन वर्षांपासून लंडनजवळ हॅरोला राहतो. मिस्टरांचा पगार ३८ हजार पौंड, त्यांचा टॅक्स पगारातूनच कापला जातो. मी डिपेंडंट व्हिसावर आहे, घरून डबे आणि दिवाळीचा फराळ विकते, वर्षाला ११ हजार पौंड येतात, खर्च ५ हजार. सगळे म्हणतात लिमिटेड कंपनी काढ. काढू का?

उत्तर : ताई, कंपनी अजिबात काढू नका. कंपनीला पहिल्या पौंडापासून १९ टक्के कॉर्पोरेशन टॅक्स (कंपनीच्या नफ्यावरचा कर) लागतो, वर अकाउंटंटची फी, आणि तुमचा नफा तर ६ हजारच आहे. स्वतःच्या नावावर धंदा केलात तर १२,५७० पौंडांपर्यंत इन्कम टॅक्स शून्य (हे सगळे आकडे २०२५-२६ चे). व्हॅटची काळजी ९० हजारांच्या विक्रीनंतर.

पण टॅक्स नाही म्हणजे काही कळवायचंच नाही असं बऱ्याच जणी धरून चालतात आणि तिथेच अडकतात. हिशोब नफ्याचा नाही, विक्रीचा धरतात, वर्षाची विक्री १ हजाराच्या वर गेली की एचएमआरसीकडे, म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याकडे, सेल्फ असेसमेंटसाठी (आपलं उत्पन्न आपणच रिटर्न भरून कळवायचं) नाव नोंदवावंच लागतं. तिथलं करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल, आपलं ३१ मार्च डोक्यातून काढून टाका. वर्ष संपलं की ५ ऑक्टोबरपर्यंत नोंदणी, ३१ जानेवारीपर्यंत ऑनलाइन रिटर्न, एक दिवस जरी उशीर झाला तरी १०० पौंड दंड, टॅक्स शून्य असला तरीसुद्धा! त्यामुळे किराणा, डबे, डिलिव्हरी सगळ्याच्या पावत्या जपा. आणि कौन्सिलकडे (तिथली स्थानिक पालिका) फूड बिझनेसची नोंदणी केली नसेल तर आजच करा, ती फुकट असते.

नॅशनल इन्शुरन्स (पेन्शनसारख्या सरकारी लाभांसाठी भरायची वर्गणी) तुम्हाला सक्तीचा नाही, पण आठवड्याला साडेतीन पौंड स्वतःहून भरलेत तर तिथल्या सरकारी पेन्शनसाठी ते वर्ष मोजलं जातं, मी तर म्हणेन भराच.

अजून एक, मॅरेज अलाउन्स घेताय का? तुमच्या करमुक्त रकमेतले १,२६० पौंड मिस्टरांना देता येतात, त्यांचा टॅक्स वर्षाला २५२ पौंडांनी कमी होतो, आणि बसत असेल तर मागच्या वर्षांचाही मिळतो. फक्त अर्ज त्यांनी नाही, तुम्ही करायचा.