कॉलेज बदलायच्या आधी खोली बदलून बघितली

"मॅडम, माझं कॉलेज चुकलंय. आता बदलता येईल का?" दिवाळीची सुट्टी संपली की पुण्यात बाहेरगावहून आलेली फर्स्ट इयरची मुलं हा प्रश्न हमखास घेऊन येतात.

लातूर जिल्ह्यातून आलेली ही मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. राहायला धायरीला आत्याकडे, कॉलेज हडपसरच्या बाजूला. सकाळच्या प्रॅक्टिकलसाठी साडेपाचला घर सोडायचं आणि स्वारगेटला बस बदलायची. कॉलेजात शिकवत नाहीत, मैत्रिणी नाहीत, डोकं दुखतं, रडू येतं, असं सगळं तिने एका दमात सांगितलं. तिची बारावीची मैत्रीण शिवाजीनगरच्या एका स्वायत्त कॉलेजात होती. हिलाही तिथेच जायचं होतं.

यातलं कॉलेजचं दुखणं कोणतं आणि पुण्यात नवं असण्याचं कोणतं, हे त्या वेळी मुलांना स्वतःलाच कळत नसतं. म्हणून तिला दोन आठवडे वही ठेवायला सांगितली. रोज चार नोंदी: किती तास ठरले होते, किती झाले, जेवण किती वाजता झालं आणि पाच मिनिटांहून जास्त कोणाशी बोलणं झालं. वही परत आली तेव्हा बहुतेक तास झालेले दिसत होते. जेवण मात्र रोज चारच्या पुढे, आणि शेवटचा रकाना बारापैकी आठ दिवस कोरा.

मग आधी राहण्याची जागा बदलायचं ठरलं. खोली महिन्याभरात सोडता येते, फार तर डिपॉझिटमधले थोडे पैसे जातात. कॉलेज तसं सोडता येत नाही. वडिलांना ते पटवायला दोन फोन लागले, आत्याला वाईट वाटेल ही त्यांची खरी अडचण होती. जानेवारीत ती कॉलेजजवळ मेस असलेल्या पीजीत गेली.

फेब्रुवारीत पुन्हा तीच वही. जेवण एकला, बोलायला दोघीजणी, डोकेदुखी गेलेली. पण फिजिक्स प्रॅक्टिकलसमोर तिने लिहिलं होतं: "साधा लंबक. दोरी सरांनी बांधली, स्टॉपवॉच सरांकडे. आम्ही रीडिंग उतरवून घेतलं." पुढच्या तिन्ही प्रॅक्टिकलला तेच. पुढे फिजिक्सच करायचं म्हणणाऱ्या मुलीसाठी ही तक्रार खरी होती, आणि ती खोली बदलून सुटणारी नव्हती.

आता कागदांकडे वळलो. बदल करायचा तो पहिलं वर्ष पूर्ण करूनच, मध्येच सोडून नाही. दोन्ही सेमिस्टर पास झाली तर साधारण 40 ते 44 क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांचे मोजमाप-अंक, हातात असतात. ते 2021 मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या सरकारी ऑनलाइन खात्यात तुमच्या आयडीवर जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत चालतात. इथे मुलं फसतात. क्रेडिट बँकेत दिसतात म्हणून नवं कॉलेज ते जसेच्या तसे धरेलच असं नाही. स्वायत्त कॉलेजचा अभ्यासक्रम स्वतःचा असतो. पेपर जुळले नाहीत तर त्यांच्या पहिल्या वर्षाचे एकदोन पेपर जास्तीचे द्यावे लागू शकतात. म्हणून नुसती गुणपत्रिका नेऊ नका, प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम न्या आणि तो ऑफिसच्या खिडकीवर न देता थेट विभागप्रमुखांना दाखवा. तुमचे पहिल्या वर्षाचे विषय त्यांच्या दुसऱ्या वर्षाच्या मेजर-मायनरला (मुख्य आणि दुय्यम विषयाला) चालतात का, हेही त्यांनाच विचारा.

दुसऱ्या वर्षाची जागा रिकामी झाली तरच मिळते, आणि ते निकालानंतरच कळतं. तोवर कोणी तोंडी "या, बघू" म्हणालं तर त्यावर विसंबू नका. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे उत्साहात आधीच्या कॉलेजातून टीसी काढणं. टीसी निघाला की तिथलं नाव कमी होतं, आणि नवी जागा हुकली तर दोन्हीकडचं जातं. क्रम असा ठेवा: नव्या कॉलेजचं लेखी प्रवेशपत्र, मग जुन्याची एनओसी (ना-हरकत पत्र), मग टीसी. दोन्ही कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच असतील तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागत नाही, ते विद्यापीठ बदलताना लागतं. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून शिष्यवृत्ती घेत असाल तर नूतनीकरणाचं काय होईल, हे दोन्हीकडच्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर आधी विचारा. फी भरल्यावर विचारून उपयोग नसतो. इंजिनिअरिंग आणि फार्मसीच्या मुलांनी मात्र यावर जाऊ नये, त्यांचे बदलीचे नियम वेगळे आहेत.

तिने दोन कॉलेजांत विचारलं. मैत्रिणीच्या कॉलेजात फिजिक्सला जागाच नव्हती. हे ऐकून ती रडली, आणि ते साहजिक होतं. दुसऱ्या कॉलेजच्या विभागप्रमुखांनी अभ्यासक्रम तासभर बघितला, एक पेपर जास्तीचा द्यावा लागेल म्हणाले आणि तसं लिहून दिलं. जायच्या आधी तिने त्यांची प्रयोगशाळा बघायला मागितली. आत चार टेबलं, प्रत्येक टेबलाशी दोन मुलं, आणि स्टॉपवॉच त्यांच्याच हातात.

लेखी प्रवेशपत्र हातात आलं, आणि एनओसीचा अर्ज तिने त्याच आठवड्यात दिला.